धनी, मालक आणि जिवलग मित्र

‘माय डिअरेस्ट फ्रेंड.’ अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स ही अठराव्या शतकातली अमेरिकन बाई नवऱ्याला, म्हणजे पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉनला, पत्र लिहायला बसली की कागदाच्या माथ्यावर बहुतेक वेळा हेच शब्द यायचे. तोही तिला याच मायन्यानं लिहायचा. हा मायना मराठीत आणायला गेलं की पेन अडतं. आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत आजीनं आजोबांना लिहिलेली चार-दोन पोस्टकार्डं आहेत. त्यांची सुरुवात ‘ती. स्व.’नं होते आणि पुढे कृतानेक साष्टांग नमस्कार. बोलताना तर ती त्यांना सरळ ‘मालक’ म्हणायची. ‘मालक शेतावर गेलेत’, ‘मालकांना विचारते’. गावात दुसरा शब्द होता तो ‘धनी’. नवऱ्याला ‘जिवलग मित्रा’ म्हणून हाक मारायची तिला कल्पनाही करता आली नसती.

म्हणूनच ३१ मार्च १७७६ चं अ‍ॅबिगेलचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थबकले. त्यात ती नवऱ्याला लिहिते की तुमच्यापैकी ज्यांना सुखानं जगायचं असतं ते ‘मालक’ हे कठोर नाव आपखुशीनं सोडून देतात आणि ‘मित्र’ हे जवळचं नाव घेतात. इथपर्यंत ही एका प्रेमळ बायकोची समजूतदार ओळ वाटते. पण तिचं पुढचं वाक्य प्रश्नार्थक आहे. मग जे दुष्ट आहेत, ज्यांना कशाचाच धरबंध नाही, त्यांना आम्हाला क्रूरपणे आणि अपमानानं वागवून मोकळं सुटता येणार नाही, अशी तजवीज तुम्ही का करत नाही?

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल मला लिहायचं आहे. अ‍ॅडम्स पती-पत्नींची पत्रं जगातल्या सुंदर प्रेमपत्रांत बसवून मोकळं व्हायची आपल्याला घाई असते. ती सुंदर आहेतच. पण ‘किती छान जोडपं होतं!’ असं म्हणून आपण ती मिटून ठेवतो तेव्हा अ‍ॅबिगेलनं जे मागितलं होतं तेच नाकारतो. तिचा नवरा चांगला होता हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरीही तिनं कायदा मागितला. नवऱ्याचा चांगुलपणा हा बायकोचा हक्क होऊ शकत नाही, हे सांगायला तिच्याइतकी योग्य बाई दुसरी नव्हती, कारण तिला स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध फारशी तक्रारच नव्हती.

थोडी ओळख करून द्यायला हवी. अ‍ॅबिगेलचं माहेर मॅसॅच्युसेट्समधलं वेमथ, वडील पाद्री. तिला शाळेत कधी घातलं नाही. जे वाचलं ते घरच्यांच्या कपाटातलं. २५ ऑक्टोबर १७६४ ला, वयाची वीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, तिचं जॉन अ‍ॅडम्सशी लग्न झालं. तो हार्वर्डमध्ये शिकलेला, बोस्टनजवळच्या ब्रेन्ट्री गावचा वकील, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. १७७४ मध्ये तो इंग्लंडविरुद्ध एकत्र आलेल्या अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसचा प्रतिनिधी म्हणून फिलाडेल्फियाला गेला आणि पुढची दहा वर्षं दोघं बहुतेक वेगळीच राहिली. १७७८ मध्ये तो फ्रान्सला गेला, १७७९ च्या ऑगस्टमध्ये परतला, नोव्हेंबरात पुन्हा गेला. त्यानंतर भेट झाली ती १७८४ मध्ये, ती स्वतः अटलांटिक ओलांडून गेली तेव्हा. दोघांची मिळून अकराशेहून जास्त पत्रं आज बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत.

आता त्या मार्चच्या पत्राकडे. ते लिहिलं गेलं तेव्हा ब्रिटिश फौजा बोस्टन सोडून जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. त्या आधीच्या दिवसांत एक पत्र लिहिता लिहिता तिनं मध्येच नोंदवलं आहे की या क्षणी तोफांच्या आवाजानं घर हादरतंय. आता जरा श्वास घ्यायला उसंत मिळाली होती. पत्रात ती आधी व्हर्जिनियाची विचारपूस करते आणि लगेच शंका काढते: जी माणसं आपल्यासारख्याच माणसांचं स्वातंत्र्य हिरावून घ्यायला सरावली आहेत, त्यांना स्वातंत्र्याची ओढ आपल्याइतकी असेल का? मग बोस्टनमधल्या त्यांच्या घराची खबर. तिथं पलटणीचा एक डॉक्टर राहून गेला होता. घर फार घाण केलंय, पण बाकी नुकसान नाही. मग वसंताचं, पेरणीचं. आणि मग, जाता जाता सांगावं तसं: तुम्ही स्वातंत्र्य जाहीर केल्याची बातमी ऐकायला मी आतुर आहे, आणि हो, तुम्हाला जे नवे कायदे करावे लागतील त्यात बायकांची आठवण ठेवा. तुमच्या पूर्वजांपेक्षा त्यांच्याशी उदारपणे वागा. नवऱ्यांच्या हाती अशी अमर्याद सत्ता देऊ नका. लक्षात ठेवा, जमलं तर सगळेच पुरुष जुलमी होतील.

‘रिमेम्बर द लेडीज’ हे शब्द आज मगवर आणि टी-शर्टवर छापलेले दिसतात. अनेकजण समजतात की तिनं मतदानाचा हक्क मागितला. तसं नाही. ज्या कायद्यांत आमचा आवाज किंवा प्रतिनिधित्व नाही ते आम्ही पाळणार नाही, बंड करू, अशी धमकी ती देते खरी, पण त्या वाक्यात थट्टेचा सूर आहे. फिलाडेल्फियातले पुरुष इंग्लंडच्या राजाला जे ऐकवत होते तेच शब्द ती त्यांच्यावर उलटवते आहे. थट्टेखाली जी मागणी आहे ती नेमकी आहे, आणि ती नवऱ्यांबद्दलची आहे.

तेव्हाचा इंग्रजी कायदा असा होता की लग्न झालं की बाईची कायद्यापुरती वेगळी ओळख संपली. ती नवऱ्याच्या नावाखाली झाकली गेली. तिची कमाई त्याची, तिचे दागदागिने त्याचे. तिला स्वतःच्या नावानं करार करता येत नव्हता, खटला भरता येत नव्हता, त्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नव्हतं. ‘धनी’ हा शब्द तिथं नुसता बोलण्यापुरता नव्हता. कागदोपत्री तो धनीच होता.

जॉनचं उत्तर १४ एप्रिलचं. तुझे हे विलक्षण कायदे वाचून मला हसू आवरत नाही, असं तो लिहितो. आमच्या लढ्यामुळे सगळीकडची सत्तेची बंधनं सैल झाली म्हणतात. मुलं ऐकेनाशी झाली, उमेदवार कामगार उर्मट झाले, कॉलेजांत गोंधळ माजला, अमेरिकेतले मूळ रहिवासी इंडियन आणि काळे गुलाम वर मान करू लागले. पण या सगळ्यांहून मोठी आणि ताकदवान जमात नाराज आहे हे तुझ्या पत्रातूनच पहिल्यांदा कळलं! आणि मग हे वाक्य: खात्री बाळग, आमची पुरुषी व्यवस्था रद्द करण्याइतके आम्ही खुळे नाही. ती अंमलात असली तरी कागदापुरतीच आहे. तुलाही ठाऊक आहे की प्रत्यक्षात प्रजा आम्हीच आहोत, मालक आम्ही नुसते नावाचे.

हे वाचताना मला एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं. ‘अहो, आमच्या घरी काय, होम मिनिस्टर म्हणेल ती पूर्व दिशा!’ हा विनोद आपण किती वेळा ऐकला आहे? तो करणारा माणूस बहुतेक वेळा प्रेमळच असतो, बायकोही हसते, आणि घराच्या कागदावर नाव कुणाचं आहे हा विषय त्या हसण्यात विरून जातो. जॉन अ‍ॅडम्सनं अडीचशे वर्षांपूर्वी हाच विनोद केला. त्याला वाईट माणूस ठरवायची मला गरज वाटत नाही. पण तिनं कायद्याबद्दल विचारलं आणि त्यानं घराबद्दल उत्तर दिलं. ती म्हणाली, सगळे नवरे तुझ्यासारखे नसतात. तो म्हणाला, आपल्या घरात तर तुझंच चालतं. प्रश्न होता तिथंच राहिला.

यावर कुणी म्हणेल, आजच्या फूटपट्टीनं अठराव्या शतकातला माणूस मोजणं अन्यायाचं आहे. त्या काळात असा विचार कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. हा बचाव स्वतः जॉननंच मोडीत काढला आहे. २६ मे १७७६ ला, म्हणजे बायकोला ते उत्तर लिहिल्यावर बरोबर सहा आठवड्यांनी, त्यानं जेम्स सलिव्हन या मॅसॅच्युसेट्समधल्या वकिलाला पत्र लिहिलं. विषय होता, मत कुणाला असावं. त्यात तो स्वतःच विचारतो: पुरुषांना स्त्रियांवर त्यांच्या संमतीविना राज्य करण्याचा हक्क येतो कुठून? आणि मग सांगतो की मताची अट बदलायला गेलात तर वादांना अंत राहणार नाही. बायका मत मागतील, बारा ते एकवीस वर्षांची पोरं आपले हक्क सांगायला लागतील, ज्याच्या गाठीला दमडी नाही तोही सर्वांच्या बरोबरीनं बोलायला बघेल.

दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी विनंती आहे. दोन्हींत तो एकच शब्दप्रयोग करतो, ‘डिपेन्ड अपॉन इट’. बायकोला: खात्री बाळग, आम्ही खुळे नाही. सलिव्हनला: खात्री बाळगा, हे धोक्याचं आहे. जी गोष्ट घरातल्या पत्रात हसण्यावारी गेली, तीच पुरुषाला लिहिताना भीतीची झाली. म्हणजे मुद्दा त्याला पुरता कळला होता. तो इतका कळला होता की तो कुठवर जाऊ शकतो हेही त्यानं पाहिलं, आणि दार लावून घेतलं. त्याचं हसू अज्ञानातून आलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

सलिव्हनच्या पत्रात बायकांना वगळण्याचं एक कारणही तो देतो. त्यांच्या नाजूकपणामुळे त्या आयुष्यातले मोठे व्यवहार, युद्धाची धाडसं आणि राज्यकारभाराची दगदग यांना योग्य नाहीत, आणि मुलांच्या संगोपनातच त्यांचं लक्ष गुंतलेलं असतं. हे तो लिहीत होता तेव्हा त्याची स्वतःची बायको काय करत होती, याचा हिशेब त्याच्याच बाडात होता. १७ जून १७७५ ला तिनं सात वर्षांच्या मुलाला, जॉन क्विन्सीला, घेऊन घराजवळच्या पेन्स हिलवरून ब्रिटिशांशी झालेली बंकर हिलची लढाई आणि जळणारं चार्ल्सटाउन पाहिलं होतं. त्याच वर्षी हगवणीची साथ आली, घर आजाऱ्यांनी भरलं, आणि १ ऑक्टोबरला तिची आई गेली. मजूर मिळत नव्हते, भाव चढत होते. टाचण्या आणून दे म्हणून तिनं नवऱ्याच्या मागे लकडा लावला होता. साडेसात शिलिंगांचा टाचण्यांचा पुडा वीस शिलिंगांवर गेला होता. शेती तीच पाहत होती. एप्रिल १७७६ मध्ये ती लिहिते की माझा जोडीदार जसा मुत्सद्दी म्हणून नावाजलाय तशी मी शेतकरीण म्हणून नाव काढीन अशी आशा आहे. त्यावर तो कौतुकानं उत्तर देतो की मला आता हेवा वाटू लागलाय, माझ्या गैरहजेरीतच कारभार जास्त शहाणपणानं चालतो असं शेजारी म्हणतील. आणि महिन्याभरात हाच माणूस सलिव्हनला ‘नाजूकपणा’ लिहितो.

जुलै १७७७ मधलं एक पत्र मात्र मला कुठल्याही युक्तिवादासाठी वापरवत नाही, तरी ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती गरोदर होती, दिवस भरत आले होते आणि पोटातल्या बाळाचं काही ठीक नाही अशी तिला धास्ती वाटत होती. १० जुलैला कळा सुरू झालेल्या असताना ती नवऱ्याला लिहीत बसली. मध्येच एक ओळ येते: ज्यातून मला पळून जाता येत नाही ते सोसण्यासाठी आता पेन खाली ठेवावं लागतंय. आणि लगेच पुढे: आता ते सोसून झालंय, पेन पुन्हा हातात घेते. कागदावर त्या दोन वाक्यांच्या मध्ये काहीच नाही, सलग ओळ आहे. मुलगी झाली ती मेलेली. तिचं नाव एलिझाबेथ ठेवायचं होतं. बापाला हे कळायला टपालाचे दिवस जावे लागले.

फिलाडेल्फिया आणि ब्रेन्ट्री यांच्यामध्ये साधारण तीनशे मैल होते. टपाल आठवडा, दोन आठवडे घ्यायचं, कधी हरवायचं. १७७५ मध्ये तर जॉनचं एक पत्र ब्रिटिशांनी पकडून वर्तमानपत्रात छापलं होतं. तिला आपल्या अशुद्ध लेखनाची लाज वाटायची, म्हणून माझी पत्रं जाळून टाक असं तिनं त्याला सांगितलं होतं. त्यावर त्यानं एप्रिल १७७६ मध्ये लिहिलं: तू पत्रं जाळायला सांगतेस, पण त्याआधी मला तुला विसरावं लागेल. हे वाक्य वाचून डोळ्यांत पाणी येतं, आणि यायलाच हवं. हसणारा नवरा आणि हा नवरा एकच आहे, एकाच महिन्यातला आहे. त्यानं पत्रं राखली म्हणूनच आज त्याच्याशी भांडता येतं. पहिल्या राष्ट्राध्यक्षाची बायको मार्था वॉशिंग्टन हिनं नवऱ्याशी झालेला पत्रव्यवहार जाळला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पत्रं उरली आहेत. तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन यानंही बायकोची पत्रं नष्ट केली. त्या घरांमध्ये कोण काय म्हणालं, कोण हसलं, आपल्याला कधीच कळणार नाही.

आता पैशाकडे येते, कारण ‘मालक’ या शब्दाची खरी परीक्षा तिथंच होते. जॉन युरोपातून घरखर्चाला पैसे पाठवण्याऐवजी माल पाठवू लागला: रुमाल, फिती, चिनी मातीची भांडी, कापड. ती तो ब्रेन्ट्रीत विकायची आणि नफा काढायची. उरलेल्या पैशाचं काय करायचं यावर दोघांचं जमत नसे. त्याला जमीन हवी असायची, शेजारचा आणखी एक तुकडा. तिचा कल सरकारी रोख्यांकडे होता, आणि हिशेबात तीच बरोबर ठरली. एका पत्रात ती ‘हे पैसे, ज्यांना मी माझे म्हणते’ असे शब्द वापरते. ‘माझे आहेत’ असं म्हणायची सोय नव्हती. कायद्यानं तिचं काहीच नव्हतं, म्हणून ‘म्हणते’.

१७८२ मध्ये तिनं व्हरमाँटमधल्या सेलम या गावी जमीन घेतली, एकूण १,६५० एकर. प्रत्येकी ३३० एकरांचे पाच वाटे होते. ते घेतले गेले जॉनच्या आणि चार मुलांच्या नावानं. सौदा तिचा, पैशाची जुळवाजुळव तिची, पत्रव्यवहार तिचा; मालकांच्या यादीत तिचं नाव नाही. जॉनचं उत्तर आलं: व्हरमाँटच्या भानगडीत आता पडू नकोस. ही गोष्ट वाचताना मला सातबारा डोळ्यांसमोर आला हे कबूल करते. आयुष्यभर रान ओढणाऱ्या किती बायांची नावं त्या कागदावर नसतात, हे आपल्यापैकी ज्यांची मुळं गावात आहेत त्यांना मी वेगळं सांगायला नको.

इथं आणखी एक आक्षेप येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. अ‍ॅबिगेलला तर व्यवहारात सगळं करता येत होतं ना? कायदा काहीही म्हणो, नवरा आडवा आला नाही. मग जॉनचं ‘कागदापुरतंच’ खरंच नव्हतं का?

तिच्यापुरतं बरंचसं खरं होतं. पण तिच्या अवतीभवती पाहा. तिचा भाऊ विल्यम दारूपायी वाया गेला आणि बायको-मुलांना टाकून निघून गेला; त्याची मुलगी लुईझा अ‍ॅबिगेलच्या घरी वाढली. तिची स्वतःची मुलगी नॅबी १७८६ मध्ये लंडनमध्ये कर्नल विल्यम स्टीफन्स स्मिथशी लग्न करून बसली. माणूस रुबाबदार, पण सट्ट्याच्या व्यवहारांत बुडालेला. महिनोन्‌महिने बेपत्ता, मागे कर्ज आणि बायको. मुलगा चार्ल्स दारूनं १८०० मध्ये गेला, त्याची बायको सॅली दोन मुली घेऊन सासरच्या आधाराला आली. म्हणजे एकाच घराण्यात वहिनी, लेक आणि सून. तिघींचे नवरे बदमाश होते असं कुणी म्हणणार नाही. ते कमजोर होते, कर्जबाजारी होते, व्यसनी होते. पण तिघींच्या नावावर दमडी नव्हती आणि नवऱ्याच्या चुकीचा बोजा मात्र पुरता त्यांच्यावर होता. १७७६ मध्ये अ‍ॅबिगेलनं ‘दुष्ट आणि बेबंद’ पुरुषांबद्दल लिहिलं तेव्हा यातलं बरंचसं अजून घडायचं होतं. जॉनचा विनोद त्याच्या स्वतःच्या मुलीलाही वाचवू शकला नाही.

आणि हा विनोद करणारा तोच जॉन अ‍ॅडम्स आहे, ज्यानं मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत लिहून ठेवलं की इथं माणसांचं नव्हे, कायद्यांचं राज्य असावं. राजा चांगला असला तरी त्याच्या मर्जीवर प्रजेनं जगू नये, हा त्या सबंध क्रांतीचा गाभा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज घरी प्रेमळ बाप होता म्हणून काही वसाहतींनी कर मुकाट्यानं भरले नाहीत. हे तत्त्व जॉननं राजाला लावलं, गव्हर्नरला लावलं, न्यायाधीशांना लावलं. उंबऱ्याशी आल्यावर थांबला. अ‍ॅबिगेलनं ७ मे च्या पत्रात त्याला हेच ऐकवलं होतं: तुम्ही पुरुषांना शांती आणि सद्भावना जाहीर करता, सगळी राष्ट्रं मुक्त करता, आणि बायकांवरची अनिर्बंध सत्ता मात्र हातची सोडत नाही. त्याच्या हसण्यानं ती गप्प बसली नव्हती. मधल्या काळात, २७ एप्रिलला, तिनं मैत्रीण मर्सी ओटिस वॉरनला लिहून आपण दोघी मिळून काँग्रेसकडे अर्ज करायचा का, असंही सुचवून पाहिलं होतं.

तिला देवी करून मखरात बसवायची माझी इच्छा नाही. १७९८ मध्ये नवरा राष्ट्राध्यक्ष असताना त्याच्यावर वर्तमानपत्रांतून चिखलफेक होत होती, तेव्हा सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणाऱ्या सेडिशन कायद्याची ती उत्साहानं पाठराखण करत होती. मला हे फार खटकतं. अमर्याद सत्तेबद्दल इतकं स्वच्छ लिहिणाऱ्या बाईला, सत्ता स्वतःच्या घरात आल्यावर तीच सत्ता सुरक्षित वाटली. गुलामगिरीबद्दल ती १७७४ पासून स्पष्ट होती. जे स्वातंत्र्य आपण इतरांकडून रोज लुटतो त्यासाठी आपणच लढायचं, हे तिला पाप वाटत होतं. पण तिच्या माहेरी फीबी नावाची गुलाम बाई होती, तिच्याच अंगाखांद्यावर ही भावंडं वाढली, आणि फीबीला मोकळीक मिळाली ती वडील, पाद्री स्मिथ, १७८३ मध्ये गेल्यावर, त्यांच्या मृत्युपत्रानं. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूनं सांगायलाच हवी. १७९७ च्या फेब्रुवारीत घरी कामाला असलेल्या जेम्स या काळ्या मुलाला तिनं रात्रशाळेत घातलं. शेजारी येऊन म्हणाला, तो येत राहिला तर बाकीची पोरं शाळा सोडतील. तिनं विचारलं, त्याचं वागणं वाईट आहे का? नाही. मग तो इतरांइतकाच स्वतंत्र माणूस आहे, निव्वळ चेहरा काळा म्हणून त्याला शिक्षण नाकारायचं? मुलांना माझ्याकडे पाठवा, मी बोलते. जेम्स शाळेत राहिला. हे सगळं तिनं जॉनला पत्रातच कळवलं आहे.

फिलाडेल्फियाहून घरी पत्रं लिहिणारी एक मराठी बाई आपल्याला माहीत आहे. जॉन अ‍ॅडम्सनंतर शंभर-एक वर्षांनी आनंदीबाई जोशी त्याच शहरात वैद्यक शिकत होत्या आणि गोपाळरावांना पत्रं लिहीत होत्या. आपणही ही जोडी कौतुकानं सांगतो: बायकोला शिकवणारा, साता समुद्रापार पाठवणारा नवरा. ते खरंच आहे. पण त्याच पत्रांमधल्या एकात आनंदीबाई त्यांना आठवण करून देतात की दहाव्या वर्षी तुम्ही मला लाकडानं मारलंत, खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारलीत, सोडून जाईन म्हणून धमकावलंत; आणि हिंदू बाईला नवऱ्यापुढे बोलायचा हक्क नसतो, गप्प राहून त्याला हवं ते करू द्यायचा असतो. शिकवणारा हात आणि मारणारा हात एकाच माणसाचा होता, आणि त्यातला कुठला कधी उठेल हे ठरवणंही त्याच्याच मर्जीवर होतं. आनंदीबाईंनी हे लिहून ठेवलं, दूर समुद्रापलीकडे गेल्यावरच. आपण मात्र गोष्ट सांगताना ते पत्र वगळतो, जसं अमेरिकेत ‘रिमेम्बर द लेडीज’चं पुढचं वाक्य वगळतात.

म्हणून मला वाटतं की ही पत्रं शाळा-कॉलेजात शिकवताना जोडीनं शिकवावीत: तिचं ३१ मार्चचं, त्याचं १४ एप्रिलचं, तिचं ७ मे चं आणि त्याचं सलिव्हनला लिहिलेलं. चारही मिळून आठ-दहा पानं होतील. पहिलं एकटं वाचलं की घोषवाक्य उरतं. पहिली दोन वाचली की गोड नवरा-बायको दिसतात. चौथं समोर ठेवलं तरच कळतं की नकार जाणूनबुजून दिला गेला होता. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये, आणि विवाहितेला स्वतःची मालमत्ता बाळगू देणारे कायदे एकेका राज्यात एकोणिसाव्या शतकात, तुकड्यातुकड्यानं आले. जॉनची व्यवस्था कागदापुरती असती तर ती मोडायला इतकी वर्षं लागली नसती.

जानेवारी १८१६ मध्ये अ‍ॅबिगेलनं मृत्युपत्र लिहिलं. ती एकाहत्तर वर्षांची होती, नवरा जिवंत होता, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं त्या कागदाला किंमत नव्हती. तिनं तरी लिहिलं. साठवलेले पैसे, कपडे, दागिने यांची वाटणी केली, आणि जवळजवळ सगळं बायकांना दिलं: नातींना, भाच्यांना, सुनांना, घरात काम करणाऱ्या बायांना. भावानं टाकलेली ती पोर, लुईझा, आता चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, आत्याच्याच घरात राहत होती. तिच्या नावे तिनं भरघोस रक्कम ठेवली. नॅबीला द्यायचं राहून गेलं होतं. ती १८१३ मध्येच कॅन्सरनं गेली होती, म्हणून तिच्या मुलीच्या नावे लिहिलं.

२८ ऑक्टोबर १८१८ ला अ‍ॅबिगेल गेली. जॉन अ‍ॅडम्स तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा व्हायला दोन दिवस कमी होता. तिच्या हातचा तो कागद त्याला फाडून टाकता आला असता आणि कुठल्याही कोर्टानं त्याला विचारलं नसतं. त्यानं तो पाळला, आणि ज्या ज्या बाईचं नाव त्यावर होतं तिला तिचा वाटा मिळाला.